खोली कोणाच्या नावावर?

फ्रेंच चित्रपटातल्या प्रेमिकांना खोली असते. दार लावून घेता येतं, मनसोक्त भांडता येतं, तासभर अबोला धरता येतो, आणि मध्येच कुणी पिंप भरायला आत येत नाही. जाँ-ल्यूक गोदारच्या १९६३ सालच्या ‘ल मेप्री’मध्ये असा जवळजवळ अर्ध्या तासाचा प्रसंग आहे. रोममधला नवाकोरा फ्लॅट, त्यात लेखक पॉल आणि त्याची बायको कामिय. मिशेल पिकोली आणि ब्रिजित बार्दो या खोलीतून त्या खोलीत जातात, आंघोळ करतात, टेबल मांडतात, सोफ्यावर कोण झोपणार यावर अडून बसतात. तेवढ्या वेळात दोघांमधलं पारडं पूर्ण फिरतं. सकाळपर्यंत पॉल तिला गृहीत धरत होता. आता तो ‘का, पण का’ करत तिच्या मागे फिरतो आणि ती सांगत नाही. खरं कारण साधं आहे. अमेरिकन निर्मात्याने तिला आपल्या दोनच आसनांच्या गाडीत बसवायची इच्छा दाखवली, तेव्हा नवऱ्याने ‘जा की’ म्हटलं आणि स्वतः टॅक्सीने मागून आला. काम मिळवायचं होतं म्हणून त्याने आपल्याला पुढे केलं, हे तिने त्या क्षणी ओळखलं.

या चित्रपटावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यातला एक तपशील सर्वांत मोलाचा वाटतो: त्या फ्लॅटचे पैसे अजून फिटलेले नाहीत. पॉलने नको असलेलं काम पत्करलं ते त्या पैशांसाठी. म्हणजे ज्या खोलीत प्रेम मरतं, त्या खोलीची किंमत चुकवतानाच ते मरतं. गोदार हे एका वाक्यात उरकतो, कारण त्याचं लक्ष दोघांच्या चेहऱ्यांवर आहे. मराठी नाटककार किंवा दिग्दर्शक असता तर त्याने इथूनच सुरुवात केली असती.

मी हे ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बसून लिहितो आहे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिने उभारलेली पहिली औद्योगिक वसाहत ती ही. इथल्या रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. उलट नाक्यांना आणि बसथांब्यांना कंपन्यांची नावं आहेत. कारखान्यांभोवती किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर अशा वस्त्या वाढत गेल्या, आणि त्यांतल्या कित्येक घरांत आजही दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या झोपतात. इथली नवरा-बायको भांडतात ती दबक्या आवाजात, पाणी भरताना, रिक्षाच्या रांगेत, गच्चीवर, नाहीतर उपवन तलावाच्या कठड्यावर. लग्नाआधीची जोडपी तलावपाळीला येऊन बसतात, कारण बसायला दुसरी जागा नाही. अशा ठिकाणी दोघांमधली सत्ता कुणाकडून कुणाकडे सरकते हे कसं बघायचं? मराठी रंगभूमी आणि चित्रपट यांनी ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं हा प्रश्न कसा हाताळला, हे एकत्र ठेवून पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. आपल्याकडे प्रेमातल्या सत्तेची गोष्ट ही घराची गोष्ट आहे. कुणाचं घर, कुणाची भाकरी, कुणाची जात, कोण उंबरठ्याच्या आत आणि कोण बाहेर. आपल्या कलावंतांची सगळी ताकद यात आहे आणि एक मोठी उणीवही यातच आहे.

आधी पडद्याच्याही मागे जावं लागेल, कारण या विषयातली सर्वांत गुंतागुंतीची जोडी आमच्याच जिल्ह्यातली. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला यमुना जोशी जन्मली. नऊ वर्षांची असताना तिच्याहून बराच मोठा बिजवर पोस्ट कारकून गोपाळराव तिचा नवरा झाला आणि तिचं नाव आनंदी झालं. गोपाळरावांची अट एकच: बायको शिकली पाहिजे. स्वयंपाक केला म्हणून बायकोला मारणारा नवरा, अभ्यास केला नाही म्हणून मारणारा नवरा, हे चित्र त्या काळाला पेलणारं नव्हतं आणि आजही आपल्याला नीट पेलत नाही. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. १८८३ मध्ये ती एकटी अमेरिकेला गेली, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून पदवीधर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षंही पूर्ण व्हायच्या आत, पुण्यात वारली.

या दोघांचा खरा सामना पत्रांतून झाला. जोवर ती कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता असे त्याच्या बदल्यांबरोबर फिरत होती, तोवर हुकूम त्याचा होता. समुद्र मध्ये आला आणि पारडं हललं. तिने स्वतःचं घडवायला सुरुवात केली, आणि ज्याने तिला तिथे पाठवलं तोच पत्रांतून बोचरे टोमणे मारू लागला. तिने दिलेलं एक उत्तर मराठी दांपत्यजीवनातल्या सर्वांत धैर्याच्या मजकुरांपैकी आहे असं मी मानतो. त्यात तिने दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्याने खाल्लेला मार, बाराव्या वर्षी अंगावर आलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, टाकून देण्याच्या धमक्या, सगळं ओळीने मांडलं. आणि मग, हे योग्य झालं की अयोग्य हे ठरवणं अवघड आहे, असंही लिहिलं. ती रडत नाही, क्षमाही करत नाही. त्याच्या छळातूनच आपण घडलो हे ती नाकारत नाही आणि छळाला छळ म्हणणंही सोडत नाही.

काशीबाई कानिटकरांनी १९१२ मध्ये तिचं चरित्र लिहिलं. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ ची. तिच्यावरून नाटक झालं, कमलाकर सारंगांनी दूरदर्शनवर मालिका केली, आणि २०१९ मध्ये समीर विद्वांस यांचा चित्रपट आला. ललित प्रभाकर आणि भाग्यश्री मिलिंद यांनी जीव ओतून कामं केली आहेत, पण चित्रपटाचा कल तिच्या पदवीकडे आणि त्याच्या कळकळीकडे आहे. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो तो कृतज्ञतेने. अमेरिकेतून आलेल्या त्या पत्रांतला थंड, मोजका हिशेब तिथे मागे राहतो. जगातल्या कुठल्याही देशाच्या दिग्दर्शकाला हेवा वाटावा असा हा ऐवज आहे. दोन माणसं, दोन खंड, महिन्याने पोचणारं टपाल, आणि प्रत्येक पत्रागणिक बदलणारं कोण कुणाचं. तिच्या अस्थी अखेर न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, तिला लेकीसारखं वागवणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या कुटुंबाच्या जागेत पुरल्या गेल्या. सासर, माहेर, दोन्हीकडे नाही.

पडद्यावर हा झगडा पहिल्यांदा उघड लढला गेला तो प्रभातच्या ‘कुंकू’मध्ये, १९३७ साली. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो केला. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. शांता आपटेंची नीरा रडूबाई नाही. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने फोडून काढते. केशवराव दात्यांचे काकासाहेब हळूहळू आरशासमोर, घड्याळासमोर, स्वतःच्या वयासमोर हरत जातात. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, घरातले आवाज तेवढे आहेत, आणि त्यामुळे त्या घराचं ओझं अंगावर येतं. पण घर काकासाहेबांचं आहे. नीरेचा नकार कितीही टोकाचा असला तरी तिची सुटका होते ती त्यांच्या मरणाने आणि त्यांनी मागे ठेवलेल्या परवानगीने. विधवा लेक चित्रा, म्हणजे शकुंतला परांजपे, नीरेच्या बाजूने उभी राहते, हे मात्र त्या काळासाठी फार मोठं होतं. आणि पडद्याबाहेरची गोष्ट त्याहून धारदार आहे. १९३९ मध्ये शांता आपटेंनी कराराच्या वादात प्रभातच्या फाटकात उपोषण केलं. नायिकेला जे घराच्या आत मिळालं नाही ते नटीने फाटकावर बसून मागितलं.

त्याच वर्षीच्या ‘माणूस’मध्ये गणपत हवालदाराच्या अंगावर वर्दी आहे आणि मैना वेश्यावस्तीतली. कायद्याचं बळ त्याच्याकडे. तरी निर्णय दर वेळी तीच घेते: त्याच्या घरात शिरायचं नाही, आणि शेवटी त्याने तुरुंगातून पळवायचं म्हटलं तरी जायचं नाही. शांता हुबळीकरांची मैना स्वतःला वगळूनच वरचढ ठरते. घरात न जाणं ही तिची एकमेव ताकद. हा धागा पुढे पुन्हा पुन्हा भेटतो.

कमावती बाई म्हणजे स्वतंत्र बाई, हा समज हंसा वाडकरांच्या आयुष्याने मोडून काढला. त्यांचं आत्मकथन ‘सांगत्ये ऐका’ १९७० मध्ये पुस्तकरूपाने आलं आणि श्याम बेनेगल यांनी त्यावरून १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला. हिंदी असला तरी तो हाडामांसाने मराठी चित्रपट आहे. स्मिता पाटीलची उषा आख्खं घर पोसते, आणि अमोल पालेकरांचा केशव तिच्या पैशावर जगून तिचाच मालक राहतो. तिची कामं तो ठरवतो, तिच्यावर संशय तो घेतो. तिच्या कमाईने तिला सत्ता मिळाली नाही, कारण करार, बँक आणि घर त्याच्या हातात होतं. पुढे ती काळ्यांच्या वाड्यावर जाते. अमरीश पुरींचा काळे तिला मान देतो, संसार देतो आणि फाटकाबाहेर पाऊल टाकू देत नाही. तिथून सुटायला तिला पुन्हा त्याच नवऱ्याची मदत घ्यावी लागते. हा एवढा एक कोपरा बेनेगल यांनी ज्या निष्ठुरपणे दाखवला आहे, तसा आमच्या चित्रपटात क्वचितच दिसतो.

खोली नसण्याची गोष्ट मराठीने बहुधा हसत सांगितली. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’मध्ये (१९७०) नवविवाहित जोडप्याला चाळीच्या घरात एकांतच मिळत नाही. हिंदीत त्याचा ‘पिया का घर’ झाला. गोड चित्रपट आहे. पण एकांत नसला की नवरा-बायकोत राग कसा साचतो, कोण कुणासाठी गप्प बसतं, याच्या जवळ तो जात नाही.

जवळ गेले ते विजय तेंडुलकर. आपल्याकडे फ्रेंच कलाचित्रपटाच्या तोडीस तोड निर्दयता कुणी आणली असेल तर ती त्यांनी, आणि तीही रंगमंचावर. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये लीला बेणारेचा प्रियकर, प्राध्यापक दामले, नाटकात येतच नाही. सत्ता त्याच्या गैरहजेरीत आहे. त्याच्या वाट्याचा जाब सगळे मिळून तिला विचारतात. सुलभा देशपांडेंनी ती भूमिका अजरामर केली, सत्यदेव दुबेंनी १९७१ मध्ये नाटकाचा चित्रपट केला.

‘सखाराम बाइंडर’ (१९७२) मात्र या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे, आणि इथे मला थांबावंसं वाटतं. सखाराम दुसऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणतो. मारत-झोडत असला तरी तो लपवाछपवी करत नाही: दोन वेळचं जेवण, वर्षाला लुगडी, माझं ऐकायचं, नको झालं की जायचं, गाडीभाडं मी देईन. त्याच्या घरात त्याचा कायदा. लक्ष्मी येते, मुंग्यांशी बोलते, पूजा करते, मार खाते आणि त्याच्यावर आपली छाप सोडून जाते. मग चंपा येते. निळू फुल्यांचा सखाराम आणि लालन सारंगांची चंपा समोरासमोर आल्या क्षणापासून त्या घराचा कायदा गळून पडतो. चंपा त्याला भीत नाही, शरीर द्यायला दारू मागते, आणि सखाराम तिच्यासाठी काम बुडवून घरी पडून राहू लागतो. कोण मालक, कोण आश्रित, काहीच सांगता येत नाही. हा पहिला पालट. दुसरा पालट लक्ष्मी परत आल्यावर होतो. तिला फक्त स्वयंपाकघराचा एक कोपरा हवा आहे. ती तिथे बसल्यावर सखारामचं पौरुषच हरपतं. आणि मग तीच चंपाबद्दल त्याच्या कानात घालते, तो चंपाचा गळा दाबतो, आणि पुरण्याचं काम लक्ष्मी शांतपणे हाती घेते.

या शेवटावर पन्नास वर्षं वाद चालू आहे. लक्ष्मी दुष्ट की भाबडी, तेंडुलकर स्त्रीद्वेष्टे की नाही. मला वाटतं, नाटक त्याहून सरळ प्रश्न विचारतं. त्या घराबाहेर दोघींनाही जागा नाही. एकीला राहायचं असेल तर दुसरीला जावं लागेल, आणि जी घराबाहेर काढली तर कुठेच उरत नाही ती माणसाला मारूही शकते. चंपाकडे शरीराची सत्ता होती, लक्ष्मीकडे कोपऱ्याची. कोपऱ्याची जिंकली. परिनिरीक्षण मंडळाने नाटक अडवलं, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात लढले आणि जिंकले. ती हकिगत त्यांच्या ‘बाइंडरचे दिवस’मध्ये आहे. मंडळाला भीती वाटली ती शिव्यांची आणि कपडे बदलण्याची. घर ही किती हिंसक गोष्ट आहे हे नाटक सांगत होतं, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

‘कमला’ (१९८१) तुलनेने साधं आहे. बाजारातून बाई विकत आणून बातमी करणारा पत्रकार जयसिंग, आणि ती विकत आलेली बाई त्याच्या बायकोला, सरिताला, तुला कितीला घेतली असं निरागसपणे विचारते. तो प्रश्न ऐकल्यावर सरिताला तिचा दिल्लीतला बंगला पहिल्यांदा नीट दिसतो. ती जात नाही. आज नवरा पडला आहे म्हणून थांबते, आणि एक दिवस थांबणार नाही हे जाणून थांबते. महेश एलकुंचवारांच्या ‘आत्मकथा’चा घाट सर्वस्वी वेगळा. वृद्ध लेखक राजाध्यक्ष, त्याची बायको उत्तरा, तिची बहीण वासंती आणि त्याच्यावर संशोधन करणारी तरुण प्रज्ञा. तिथे भांडण घरावरून नाही, गोष्ट कोण सांगणार यावरून आहे. त्याने कादंबरीत लिहून टाकलेल्या बायका उठून आपली बाजू सांगू लागतात. फ्रेंच वळणाच्या सर्वांत जवळचं मराठी नाटक हेच. ज्युस्तिन त्रिए यांच्या ‘अनातोमी द्युन श्युत’ला (२०२३ चा पाम द’ओर विजेता) जे करायचं आहे, म्हणजे दोन लेखकांच्या संसारात एकमेकांचा वेळ आणि कल्पना कुणी खाल्ल्या याचा निवाडा, त्याचं बीज एलकुंचवारांकडे खूप आधी होतं.

१९८२ च्या ‘उंबरठा’ने एका पिढीच्या बायकांना हलवून सोडलं. शांता निसळांची ‘बेघर’ ही कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. सुलभा महाजन सुखवस्तू घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते आणि परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई असते. गिरीश कर्नाडांचा सुभाष खलनायक नाही. तो सभ्य आहे, खरं सांगतो, आणि तू राहा असंही म्हणतो. त्याच्या सभ्यपणातच त्याची सत्ता आहे, हे पटेलांनी अचूक ओळखलं. सुलभा पुन्हा निघते.

इब्सेनच्या नोराने १८७९ मध्ये दार लावून घेतलं, अनंत काणेकरांनी ते नाटक ‘घरकुल’ म्हणून मराठीत आणलं, आणि तेव्हापासून आपल्या बंडखोर नायिकेला एकच रस्ता दिला गेला: बाहेर. सुलभा जाते. महेश मांजरेकरांच्या ‘अस्तित्व’मधली (२००० सालच्या) अदिती पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका संबंधाचा जाब ऐकून घेते, नवऱ्याला त्याचा आरसा दाखवते आणि जाते. टाळ्या पडतात. पण पडदा पडल्यावर घर कुणाकडे राहिलं? नवऱ्याकडे. मला हे दर वेळी खुपतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, घर कुणाच्याही नावावर असो. कायदा म्हणतो, तिला बाहेर काढता येणार नाही. आमचा पडदा अजून तिला टाळ्यांच्या गजरात बाहेर काढतो आहे.

म्हणूनच प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ (१९९१, दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णी) मला या सगळ्या वाटचालीतलं सर्वांत मोठं वळण वाटतं. तिथे घर आईचं आहे. विवाहित पुरुषाशी नातं जोडून तिने तीन मुली स्वतःच्या घरात वाढवल्या. पुरुष त्या घरात पाहुणे म्हणून येतात, नाहीतर टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला असतात. थोरल्या विद्याचा नवऱ्याशी फोनवरचा लांबलचक प्रवेश लोक अभिनयासाठी आठवतात, आधी वंदना गुप्तेंचा आणि २०२२ पासूनच्या नव्या संचात मुक्ता बर्वेंचा. मला त्यात रंगमंचाची मांडणी दिसते: ती आपल्या माणसांत, आपल्या छपराखाली उभी आहे आणि नवऱ्याचा आवाजसुद्धा आपल्याला ऐकू येत नाही. कामधंदा न करणाऱ्या नवऱ्याला पोसणारी मधली वैजू आणि दोन पुरुषांवर प्रेम करणारी धाकटी विनी, दोघींना इतकं मोकळं बोलता येतं याचं कारण ते घर. तीस वर्षांनी तेच नाटक पुन्हा आलं आणि गडकरी रंगायतनपासून सगळीकडे गर्दी झाली. प्रेक्षकांना हे हवं आहे याचा आणखी कुठला पुरावा लागतो?

मग ‘सैराट’. २०१६ च्या या चित्रपटाबद्दल जातीच्या अंगाने खूप आणि योग्यच लिहिलं गेलं. पण नागराज मंजुळेंनी दोघांमधल्या सत्तेचा जो आलेख काढला आहे तो कमी वाचला गेला. गावात आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, विहिरीवर पोरांना दटावते, परश्याकडे तीच आधी रोखून बघते. ही सत्ता तिची वाटते, पण ती बापाच्या पाटीलकीची आहे. हैदराबादच्या झोपडपट्टीत उतरल्यावर हे कळतं. भाषा येत नाही, स्वयंपाक येत नाही, संडासाला कुठे जायचं ते माहीत नाही. परश्या गरिबीत वाढला आहे, तो सरावतो. पारडं त्याच्याकडे झुकतं. मग आर्चीला बाटल्यांच्या कारखान्यात काम मिळतं, ती तेलुगू शिकते, मैत्रिणी जोडते, आणि नेमक्या त्याच वेळी परश्याला संशय येऊ लागतो. तो तिला चारचौघांत मारतो. ज्याच्यावर आपण पूर्वार्धभर प्रेम केलं त्या मुलाचा हात उठतो, तोही तिचा पगार घरात यायला लागल्यावर. इथे मंजुळेंनी कुणालाच माफ केलं नाही. ती निघून जाते आणि परत येते. पण परतते ती कमावती बाई म्हणून, आणि त्यानंतरच्या थोड्या वर्षांत त्यांचा संसार खरा बरोबरीचा होतो. शेवटचा घाव बाहेरून येतो. पण त्याच्या आधी दोघांनी जी बरोबरी कमावली ती मराठी पडद्यावर जवळपास एकटी आहे.

फ्रेंच पैसा आणि मराठी बाई यांची गाठ अलीकडे दोनदा पडली. रोहेना गेरा यांच्या ‘सर’मध्ये (२०१८, कानच्या समीक्षक सप्ताहात दाखवलेला) गावाकडची तरुण विधवा रत्ना मुंबईच्या उंच इमारतीत मोलकरीण आहे. तिची खोली स्वयंपाकघराला लागून, मालकाची भिंतीपलीकडे. तिलोत्तमा शोमची रत्ना प्रेम नाकारते, कारण या प्रेमाची किंमत कोण भरणार हे तिला त्याच्याआधी कळतं. पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्ये (२०२४, कानचं ग्राँ प्री) अनू आणि तिचा प्रियकर शियाझ यांना मुंबईत एकत्र येण्याइतकी जागा मिळत नाही. जर्मनीला गेलेला नवरा बोलत नाही, तरी अनूबरोबर राहणाऱ्या प्रभाचं आयुष्य त्याच्या नावाने बांधलेलं. आणि छाया कदमांची पार्वती: वर्षानुवर्षं राहत असलेल्या घराचे कागद मेलेल्या नवऱ्याने मागे ठेवले नाहीत, म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतो. गिरणगावातल्या बाईची ही गोष्ट उद्या आमच्या वस्त्यांत घडणार आहे, आजही घडते आहे. जयंत सोमलकरांच्या ‘स्थळ’ची सुरुवातही विसरता येत नाही. चंद्रपूरकडच्या एका मुलीला स्वप्न पडतं की बायका मिळून मुलाला बघायला बसल्या आहेत. प्रेमाच्याही आधी, बघण्याच्या कार्यक्रमातच, कोण कुणाला बघणार हे ठरलेलं असतं.

एवढं सगळं असूनही एक मोठी जागा मोकळी आहे, आणि ती माझ्या खिडकीतून दिसते. ऐंशी-नव्वदच्या दशकांपासून या पट्ट्यातल्या कंपन्या एकामागून एक बंद झाल्या, स्थलांतरित झाल्या, भूखंडांवर आयटी पार्क आणि गोदामं उभी राहिली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने गिरणीच्या संपानंतर घर कसं फुटतं ते दाखवलं, मुलगे, आई, बहीण सगळे आले. पण नवऱ्याची नोकरी गेल्यावर जी बायको पॅकिंगला, रुग्णालयात आया म्हणून, सोळा नंबरच्या रस्त्यावरच्या ऑफिसांत हाउसकीपिंगला, नाहीतर कॉल सेंटरला जाऊ लागली, तिच्या आणि त्याच्या मधल्या खोलीत काय झालं, याचा मराठी चित्रपट मला माहीत नाही. व्हीआरएसचे पैसे कुणी कशात घातले. चाळिशीत सुपरवायझर असलेला माणूस पंचावन्नाव्या वर्षी त्याच फाटकावर वॉचमन झाला, आणि बायको त्याच फाटकातून पंच करून आत जाते. सकाळी डबा कोण भरतं. पगार तिच्या खात्यात येतो पण ओटीपी त्याच्या मोबाइलवर. एटीएमचं कार्ड कुणाच्या पाकिटात. पारडं रोज थोडं इकडे, थोडं तिकडे होत असतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते दिसतही नाही. गोदारने अर्धा तास सोफ्यावर घालवला. आमच्याकडे तो अर्धा तास ओटीपीसाठी हाक मारण्यात आणि फोन न देण्यात जाईल, आणि त्यात ‘ल मेप्री’पेक्षा कमी नाट्य असणार नाही.

कागदही बदलले आहेत. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पन्नास लाखांच्या घराला पन्नास हजार वाचतात. त्या पन्नास हजारांसाठी कित्येक नवऱ्यांनी घर बायकोच्या नावावर घेतलं असेल. आधी अट होती की पंधरा वर्षं ते पुरुषाला विकायचं नाही, २०२३ मध्ये ती काढली. तिच्या नावावरच्या घरात हप्ते त्याचे, किंवा तिचे, किंवा दोघांचे. आणि एका रात्री भांडण इतकं वाढतं की एकाने बाहेर पडायला हवं. या वेळी कोण पडणार? किसननगरात समूह विकासाचं भूमिपूजन २०२३ मध्ये झालं. चाळींच्या जागी इमारती यायच्या आहेत, आणि पात्रतेच्या यादीत घरागणिक नाव लागायचं आहे. त्या यादीपुढे नवरा-बायको उभे आहेत, सासू मागे, मुलगा पुढे, आणि कारकून विचारतो आहे, नाव कुणाचं लिहू. त्यांनी एकमेकांकडे बघण्याआधी कॅमेरा तिथे पोचला पाहिजे.